सरळ वर गेलेला छर्रा

डिलाईल रोड,
५ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा आई देवळात होती म्हणून मीच फोडलं, आणि बरं झालं. "फायरिंगच्या वेळी माझे डोळे आपोआप मिटतात, आईला सांगू नकोस" असं तू आईच्याच नावाच्या पाकिटात लिहितेस? पोलीस होणारेस ना गं? आईला मी फक्त जेवणाचा भाग वाचून दाखवला. डाळीत पाणी जास्त असतं हे ऐकून ती रडायला लागली. बाबा म्हणाले, "गे, डाळीत पाणीच आसता." विषय संपला. ट्रेनिंग सेंटरवाल्यांनी तुमचे मोबाईल जमा केले ते एका परीने ठीकच झालं, कारण रविवारचा पाच मिनिटांचा फोन आईच खाते. तुझ्यामाझ्या वाट्याला ही पत्रं.

आता खरी बातमी. मला एक माणूस सापडलाय.

कुशाबा आठवतो? माझ्याबरोबर आयटीआयला होता. म्हणजे तो होता, मी अधूनमधून. त्याच्या काकाचा गिरगाव चौपाटीला फुगे फोडायचा बोर्ड आहे. काका गावी गेला म्हणून कुशाबा बसला आणि कुशाबाला भेळ खायची होती म्हणून मी बसलो. पोरं फटाफट छर्रे मारतायत, फुगे काही फुटत नाहीत, कारण त्या बंदुकांची नेम धरायची माशी मुद्दाम जराशी वाकवलेली असते. हे कुणाला बोलू नकोस, तू अजून पोलीस झालेली नाहीस. तर एक म्हातारे गृहस्थ येऊन बाजूला उभे राहिले. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. फुग्यांकडे बघतच नव्हते. डोळे मिटून नुसते ऐकत होते. मला वाटलं, चक्कर आली. म्हटलं, "काका, पाणी देऊ?"

तर म्हणतात, "ती टोकाची बंदूक बाजूला ठेव. तिची स्प्रिंग तुटलीय आत."

"कशावरून?"

"बाकीच्या नुसत्या खोकतायत. ती कण्हतेय."

ताई, मी तीच बंदूक दिवसभर लोकांच्या हातात देत होतो. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पत्ता दिला, दुसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळून ती त्यांच्या घरी मुगभाटात घेऊन गेलो. जाताना वाटेत एकजण पतंगाचा मांजा सुतत होता, तिथे तासभर उभा राहिलो, ते सोड. त्यांनी बंदूक उघडली. स्प्रिंगचे दोन तुकडे! मी तर पायाच पडणार होतो, पण आतून त्यांच्या बायको ओरडल्या, "माझ्या पोळपाटावर परत लोखंड ठेवलंत ना?" त्यामुळे तो क्षण गेला.

अण्णा रेगे नाव. बँकेत हेडक्लार्क होते. एअरगन दुरुस्त करायचा त्यांना नाद आहे. धंदा नाही हां, नाद. उद्या परत बोलावलंय.

तुझा,
वैभव


बरॅक,
१४ जानेवारी

वैभ्या,

संक्रांतीचा तिळगूळ तूच खा माझ्या वाटणीचा. इथे आम्हाला एकेक वडी मिळाली, ती फोडायला रायफलचा दस्ता घ्यावा लागला असता.

तू माणूस सापडला म्हणतोस तेव्हा मला धडकीच भरते. मागे तो पॅराग्लायडिंगवाला सापडला होता. मग लालबागचा मूर्तिकार सापडला, त्याच्याकडे तू आठवडाभर माती मळलीस आणि ढोल वाजवायला पळालास. मग तो मधमाश्यांचा माणूस. आई अजून त्या जाळीच्या टोपीत कांदे ठेवते. हा किती दिवसांचा?

पण खरं सांगू, त्या कण्हणाऱ्या बंदुकीचं मी रुपालीला वाचून दाखवलं. रुपाली म्हणजे माझ्या बाजूच्या खाटेवरची, साताऱ्याची. ती म्हणाली, आपल्याला असा कुणीतरी पाहिजे होता. कारण इथे दोघींची एकच रड आहे. पळण्यात मी पुढे, दोरीवर मी पुढे, कायद्याच्या पेपरात मी वर्गात दुसरी. आणि रायफल हातात आली की बोट चापावर जायच्या आधीच आतून काहीतरी गोळा होतं. धाडकन् आवाज येणार, आत्ता येणार, आत्ता... आणि डोळे मिटतात, हात झटका खातो, गोळी टार्गेटच्या खालच्या मातीत. फायरिंग शिकवणारे उस्ताद म्हणतात, "घाडी, जमिनीने तुझं काय बिघडवलंय?" सगळी लाईन हसते.

मार्चमध्ये फायरिंगची परीक्षा आहे. त्यात नापास झाले तर पुढच्या बॅचला ढकलतील. म्हणजे अजून तितकेच महिने, आणि बाबांनी चाळभर वाटलेले पेढे वाया. मला तो विचारच नको होतो.

तुझ्या अण्णांना विचार ना, बंदुकीला घाबरायचं नाही म्हणजे काय करायचं. माझं नाव सांगू नकोस. लाज वाटते.

ताई


डिलाईल रोड,
२२ जानेवारी

प्रिय ताई,

मधमाश्या मी सोडल्या नव्हत्या, त्या मला सोडून गेल्या.

मी रोज जातोय मुगभाटात. रोज! वाट वाकडी करून हिंदमातावरून जातो, साड्यांच्या दुकानांत ते पुतळे नवीन साड्या नेसून उभे असतात, त्यातल्या एकीचा हात तुटलाय आणि तो पदरानं झाकलाय, ते बघत थांबतो थोडा, पण पोचतो. अण्णा घड्याळ बघतात आणि काही बोलत नाहीत. त्यापेक्षा शिव्या दिलेल्या परवडल्या.

काय माणूस आहे गं. खिडकीखाली टेबल, त्यावर हिरवं कापड. स्प्रिंग दाबून बाहेर काढायला सुताराच्या शिकंज्यापासून स्वतः बनवलेलं यंत्र. त्याआधी एकदा नुसत्या हाताने काढायला गेले, तर स्प्रिंग उडून नलूकाकूंच्या वाळत घातलेल्या पापडांतून आरपार गेली. काकू ते अजून सांगतात, आणि दर वेळी पापड वाढतात. अण्णा स्प्रिंगची टोकं पॉलिश पेपरने घासतात, बोटाने चाचपतात, परत घासतात. आत बसवायला नायलॉनची नळी कातून घेतात, म्हणजे स्प्रिंग इकडेतिकडे आपटत नाही. मग बंदूक वाजवतात. आधी आवाज यायचा "टण्ण्ण्", स्टीलची थाळी पडल्यासारखा. नंतर येतो नुसता "फट्". जाड पुस्तक मिटल्यासारखा. आणि जोर तेवढाच! मी मोजलाय. दोन डोळ्यांचं एक यंत्र आहे, त्यावरून छर्रा गेला की वेग दाखवतं.

त्यांच्याकडे एक जर्मन बंदूक आहे, जबरी ताकदीची. नवीन असताना खांद्यातून दात हलवायची म्हणे. अण्णांनी तिला अशी काही समजावलीय की आता ती सुटली हे समोर भोक पडल्यावरच कळतं. परवा एक कर्जतला फार्महाऊस असलेला आला होता, अमित कोणीतरी. "अंकल, अजून कडक स्प्रिंग टाका ना, डुक्कर पडलं पाहिजे." अण्णा म्हणाले, "जोर वीस ज्यूलच्या वर गेला की लायसन लागतं. आणि डुकरानं तुमचं काय केलंय ते मला माहीत नाही, पण माझं काही केलेलं नाही." चहा पाजून पाठवला त्याला. आतून काकू म्हणाल्या, "कबुतरं मारा म्हणावं, माझी गॅलरी भरवून टाकलीय." अण्णा म्हणाले, "नलू, ती पण नाही."

नेमबाजी चालते चाळीखालच्या बंद छापखान्यात. मालक अण्णांचा दोस्त. एका टोकाला जाड भिंत, तिच्यापुढे वाळूची पेटी, तिच्यावर कार्ड. दुसरं कुणी आत येऊ नये म्हणून दाराला काकूंचा लाल ब्लाऊजपीस बांधतात. तो बांधल्याशिवाय छर्रा भरायचाच नाही.

आता तुझं काम. मी विचारलं. तुझं नाव नाही घेतलं, माझंच म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, घट्ट धरू नकोस. आवळलीस की ती बिघडते. खांद्याला नुसती टेकव, हातावर अशी पडू दे की झोपलेलं मूल उचललंय. आणि सुटल्यावर लगेच डोकं वर काढू नको.

तसंच कर. सैल धर. एकदम सैल. बघ मग.

तुझा,
वैभव


बरॅक,
३ फेब्रुवारी

वैभव,

सैल धरली.

खांदा गळ्यापासून दंडापर्यंत जांभळा झालाय. आमच्या एसएलआर रायफलचा दस्ता इतक्या जोरात आपटला की मी मागे सरकले, डोळ्यांसमोर काजवे, आणि गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक. उस्ताद धावत आले. "कोणी सांगितलं तुला असं धरायला?" मी म्हटलं, माझा भाऊ म्हणाला. "काय करतो भाऊ?" आता काय सांगू? म्हटलं, शिकतोय. "काय?" मी बुटांकडे बघत राहिले.

आता आवाजाच्या जोडीला धक्क्याचीही भीती बसलीय. रात्री कुशीवर झोपता येत नाही. रुपाली तव्यावर मीठ गरम करून शेकायला म्हणून गेली, तर मेसमधल्या बाईने तवा दिला नाही.

तुला दोष देत नाही. मीच मूर्ख, फुग्यांच्या बंदुकीवरून पोलिसांची बंदूक शिकायला निघाले.

ताई


मुगभाट, गिरगाव,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुचित्रा हिस,
अण्णा रेगे याचे अनेक आशीर्वाद.

आपली भेट नाही. वयाने तू मला नातीसारखी, म्हणून एकेरी लिहितो आहे, राग नसावा.

तुझे पत्र घेऊन वैभव आला आणि दारातच उभा राहिला. आत येईना. शेवटी हिने त्याला हाताला धरून आणले आणि लाडू दिला. मग सगळे बाहेर आले. त्याने माझे शब्द तुला जसेच्या तसे कळवले, त्यात त्याची चूक नाही. पण ते कोणत्या बंदुकीसाठी, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी त्याला तिथेच थांबवले असते.

आमची बंदूक स्प्रिंगवर चालते. चाप ओढला की छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच आतला पिस्टन धावतो आणि सबंध बंदूक पुढेमागे हलते. ती आवळली तर तिची चाल बिघडते, म्हणून सैल धरायची. तुमची रायफल निराळी. ती खांद्यात घट्टच बसली पाहिजे, हाड आणि दस्ता यांत फट राहता कामा नये. याबाबतीत तुझे उस्ताद सांगतील तेच बरोबर, आणि मी त्यांची क्षमा मागतो असे त्यांना सांगितलेस तरी चालेल.

दोन्हीकडे सारख्या अशा गोष्टी थोड्या आहेत. डोळा माशीवर ठेवणे. श्वास अर्धा सोडून थांबणे. गोळी गेल्यावरही क्षणभर तसेच राहणे. या गोष्टी आमच्या बंदुकीवर शिकता येतात, कारण ती दुखवत नाही आणि ओरडत नाही. तुला सुटी मिळाली तर अवश्य ये. खांदा बरा झाल्यावर.

एक राहिले. वैभव गेला महिनाभर एकही दिवस चुकलेला नाही. उशिरा येतो, ही गोष्ट वेगळी.

तुझा,
अण्णा

ता. क. सौ. नलू विचारते की खांद्याला आंबेहळद मिळेल का तिथे. सोबत पुडी पाठवली आहे. पाकीट पिवळे झाले असल्यास ते त्यामुळे.


डिलाईल रोड,
१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सुटीचं कळलं! आई चाळीत सांगत सुटलीय की तुम्हाला बक्षीस म्हणून दोन दिवस सोडतायत. पाण्याची लाईन फुटली म्हणून सोडतायत हे मी कुणाला बोललो नाही. १ मार्चला ये, २ तारखेला सकाळी अण्णांकडे जाऊ, बाबांनाही घेऊन. अण्णांच्या चाळीपासून तुझा एसटी डेपो जवळच.

खांद्याचं माझ्या डोक्यातून जात नाही. सॉरी पत्रात लिहून पुरत नाही म्हणून एक काम काढलंय. अण्णांकडे माळ्यावर एक गंजलेली बंदूक पडली होती, दस्त्याला तडा, आतून धूळ. म्हटलं, ही मी करू? ताईसाठी? अण्णा म्हणाले, "अर्धी टाकून जाणार नसलास तर घे."

ताई, मी नाही टाकली. गंज काढताना बोटांची सालं गेली. स्प्रिंग नवी घातली, अण्णांची हरकत येणार नाही इतपत कडक. परळला एका लेथवाल्याकडून नळी कातून आणली, ती सैल बसली, परत गेलो, ती घट्ट झाली, परत गेलो. तो लेथवाला म्हणाला, "भावा, रॉकेट बनवतोयस काय?" आतला वॉशर तर मी इतक्या वेळा घासून बसवलाय की नलूकाकू म्हणाल्या, "एवढ्या प्रेमाने कुणी कणीक मळत नाही." जर्मनच्या खालोखाल जोर असणार तिला आणि आवाज नसणार! काल अण्णांनी नुसती कानाशी धरून उघडझाप केली. तोंडातून फक्त "हं" निघालं. त्यांचं हं म्हणजे काय ते तुला इथे आल्याशिवाय कळणार नाही.

पहिला छर्रा तूच मारायचा. मी अजून तिच्यातून एकही मारलेला नाही.

तुझा,
वैभव


बरॅक,
४ मार्च

वैभव,

पोचले.

तू म्हणाला होतास, आवाज नाही. पुस्तक मिटल्यासारखा फट्. मी त्यावर विश्वास ठेवून चाप ओढला आणि धडाम्! धूर! सगळा छापखाना दणाणला. पोलिसांची रायफल ओरडते ते समजू शकते. पण माझ्यासाठी बनवलेली, लहान मुलांनी फुगे फोडायची बंदूकसुद्धा माझ्या हातात आली की बॉम्ब होते. मी तिथे उभी राहूच शकले नाही. काकूंचे पोहे टाकून आले, त्यांना वाईट वाटलं असेल. बाबा मागे जिन्यापर्यंत आले, काहीतरी म्हणत होते, मी ऐकून घेतलं नाही. तू चांगलं करायला गेलास हे मला माहितीये.

मी ठरवलंय. पुढच्या बॅचला टाका असा अर्ज मीच देते. सगळ्यांसमोर नापास होण्यापेक्षा ते बरं. अर्ज लिहून ठेवलाय. सोमवारी उस्ताद रजेवरून आले की देईन.

आता सल्ला पाठवू नकोस.

ताई


गिरगाव,
६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. हे मी स्पीडपोस्टाने टाकतोय आणि काउंटरवरच्या बाईंना सांगणारे की सोमवारच्या आत नाही पोचलं तर एक पोलीस कमी होईल. सल्ला नाही पाठवत. तू गेल्यावर काय झालं, तेवढंच सांगतो. पाकिटात एक कार्ड आहे, ते आत्ता बघू नकोस. बघितलंसच ना?

तू बाहेर पडलीस. बाबा तुझ्यामागे गेले. मी धुरात उभा. मला वाटलं, माझीच काहीतरी चूक, सगळी मेहनत खलास, आता अण्णा हाकलतील. अण्णांनी बंदूक टेबलावर घेतली, उघडली, नळीला नाक लावलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "वैभव, शिलाई मशीनचं तेल कुणी घातलं?"

मी म्हटलं, आईशपथ मी नाही. अण्णा म्हणाले, या बंदुकीत आत हवा दाबली जाते, ती इतकी तापते की तिथे तेल असलं तर पेटतं. डिझेल इंजिनात होतं तसं. म्हणून आत थेंबसुद्धा घालायचा नसतो, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलंय. मी म्हटलं, माहितीये, मी नाही घातलं.

तेवढ्यात दारातून बाबा म्हणाले, "मियां घातलंय."

मी आदल्या रात्री बंदूक घरी आणली होती ना, त्यांना दाखवायला. सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा त्यांनी आईच्या मशीनची कुपी घेतली आणि भोकातून सोडलं. चांगले चार-पाच थेंब. आयुष्यभर मिलमध्ये त्यांनी तेच केलं, कापडाच्या साच्यांना तेल पाजत फिरायचं. घरात पंखा कुरकुरला, बिजागरी वाजली, की बाबांची कुपी निघते, तुला माहितीये. अण्णांसमोर हात जोडून उभे राहिले. "सुकी होती ओ. हात लावून बघितलंय, सगळी सुकी. सुक्या मशीनवर माझ्या पोरीक कसा उभा करू?"

ताई, काकूंनी पोह्यांची बशी तशीच धरलेली.

मग अण्णा म्हणाले, "बसा, आनंदराव." आणि ते उठून पलीकडे पेटीकडे चालत गेले. कार्ड काढून आणलं. तेच पाकिटात आहे. बघ. काळ्या गोलाच्या वर भोक आहे. वर गेलंय, कारण तेल पेटून छर्रा भलत्याच जोरात निघाला. पण अण्णांनी कार्डावर पट्टी उभी ठेवून मला दाखवलं. गोलाच्या मधोमध सरळ वर. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, खाली तर नाहीच. हात झटका खातो तेव्हा गोळी खाली जाते, तुझी मातीत जाते तशी. इथे हात हललाच नाही.

आणि दुसरं. अण्णा नेमबाजीच्या वेळी कार्डाकडे कधी बघत नाहीत, माणसाच्या डोळ्याकडे बघतात. ते म्हणाले, "हिचा डोळा उघडा होता. आवाज झाला तेव्हाही उघडा होता. धूर आल्यावर मिटला." मी म्हटलं, पण ती तर घाबरून पळाली! अण्णा म्हणाले, "नंतर. तिला आवाजाची भीती नाही रे. ती आवाजाची वाट बघते, तिथे गडबड होते. आज तिला वाटलं आवाज होणारच नाही, म्हणून वाट बघितली नाही, आणि एवढा मोठा स्फोट होऊनसुद्धा हात शांत राहिला. असा हात मी किती दिवसांनी बघतोय."

हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, म्हणजे लिहिताना चुकायला नको. आणि या वेळी आधीच विचारलं की हे ताईच्या खऱ्या रायफलला चालतं का. म्हणाले, चालतं. चाप इतका हळूहळू दाबत जा की कधी सुटणार ते तुलाच कळू नये. दस्ता घट्ट, बोट हळू. बस.

बंदुकीचं म्हणशील तर वॉशर जळून गेलाय. मी नवा घासायला घेतलाय. पहिला केला तेव्हापेक्षा हात बरा चालतोय, खोटं नाही सांगत. बाबा बाजूला बसून बघतात. अण्णांशी त्यांचा रोज वाद. "साच्याला लागतं, आनंदराव, हिला नाही." "बाहेरच्या खिळ्याक तरी घालूक व्हया." एका खिळ्याला परवानगी मिळालीय, तीही अण्णांच्या देखरेखीखाली. काकूंनी मात्र आपली शिलाई मशीन बाबांच्या ताब्यात दिली. म्हणाल्या, "या घरात तेलाची किंमत असलेला पहिला पुरुष आला."

बाबा तुला लिहिणार नाहीत. त्यांना वाटतं, त्यांनी तुझं वाटोळं केलं. घरचा पंखा कुरकुरतोय, तरी कुपी काढत नाहीत. तू अर्ज दिलास तर ते जन्मभर त्या चार थेंबांचंच धरून बसतील. हा सल्ला नाही, घरची बातमी आहे.

तुझा,
वैभव


बरॅक,
२३ मार्च

प्रिय वैभव,

तुझं पाकीट त्याच सोमवारी सकाळच्या परेडनंतर मिळालं. उस्ताद ऑफिसात होते, अर्ज माझ्या खिशात होता. मी संडासात जाऊन पत्र वाचलं, कारण इथे एकटं बसायला दुसरी जागा नाही. कार्ड उजेडाला धरलं आणि भोकातून पलीकडची भिंत बघत बसले. बाहेरून पोरी दार वाजवत होत्या. अर्ज तिथेच फाडला.

बाबांना आधी सांग, पास झाले. शब्द असाच सांग, पुढचं नंतर.

शुक्रवारी परीक्षा झाली. पहिल्या गोळीला परत तेच झालं, आतून गोळा आला, माती. उस्तादांनी नुसती वहीत फुली मारली, तेच जास्त वाईट. मग मी दस्ता खांद्यात घट्ट रुतवला आणि बोट हळू दाबत गेले. इतकं हळू की मला वाटलं चाप अडकलाय. मी माशीकडे बघतेय, बघतेय, आणि कधीतरी ती सुटली. मला खरंच कळलं नाही रे कधी. आवाज मला नंतर आल्यासारखा वाटला, जसा बाजूच्या लाईनमधला येतो. त्यानंतरच्या सगळ्या गोळ्या टार्गेटवर आहेत. एक तर अशी मधोमध की टार्गेट बघायला गेलेल्या पोरीने लांबूनच हात वर केला. उस्ताद म्हणाले, "घाडी, जमिनीशी भांडण मिटलं वाटतं." मग विचारलं, "तो भाऊ काय शिकतोय म्हणालीस?" मी म्हटलं, एअरगन दुरुस्त करायला शिकतो सर, गिरगावात. या वेळी मान वर करून सांगितलं.

अण्णांना माझा नमस्कार. काकूंना सांग, पोहे माझ्यावर राहिलेत. तुझ्या बंदुकीतून मला परत मारायचंय, तेलाशिवाय.

आता रुपालीचं. तिची परीक्षा राहिलेल्या पोरींबरोबर मंगळवारी आहे, शुक्रवारी ती तापाने आडवी होती म्हणून. काल सरावाला मी तिच्या शेजारी मॅगझिन भरायला होते. उस्तादांची परवानगी घेऊन मी खऱ्या गोळ्यांच्या मध्ये एक खोटी गोळी घातली, सरावाची, आत काही नसलेली. तिला सांगितलं नाही कुठली ते. तिने डोळे मिटून चाप ओढला. आवाज झालाच नाही, आणि रायफलचं तोंड धपकन् खाली गेलं. सगळ्यांना दिसलं. तिला सगळ्यात जास्त. ती तशीच पालथी पडून राहिली. मला वाटलं रडतेय. तर हसत होती. "अगं, ही मीच हलवतेय! बंदूक काहीच करत नाहीये!"

आज दुपारपासून ती खाटेवर आडवी पडून खांद्याला केरसुणीचा दांडा लावून बोट हळू दाबायची प्रॅक्टिस करतेय आणि दर वेळी मला विचारतेय, "हलला का? आत्ता हलला का?" चार खाटांपलीकडून एक पोरगी ओरडली, "हलला, झोपा आता." पण त्या पोरीने स्वतः पण उशीखालून छत्री काढलीय, आणि आणखी दोघी इकडे सरकतायत. मी जाते. एवढ्या जणींचे डोळे बघायला एकटी रुपाली पुरायची नाही.

तुझी,
ताई